आतून लागणारी कडी

आमच्या शाळेत स्टुडंट कौन्सिल आहे. दर जूनमध्ये शिक्षक मिळून स्वच्छ इंग्रजी बोलणारी, नीट भांग पाडून येणारी मुलं निवडतात, त्यांच्या खांद्यावरून सॅटिनचे पट्टे सोडतात, आईवडील फोटो काढतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ही मुलं जिन्यात उभी राहून बाकीच्यांना ओठांवर बोट ठेवायला लावतात. शाळेच्या फाटकाजवळ मोठा फलक आहे : इथे मुलांचं ऐकलं जातं. नोकरीच्या पहिल्या दिवशी तो वाचून मला बरं वाटलं होतं. पुढे बरेच महिने मी शोधत होते, की हे ऐकणं नेमकं कुठल्या तासाला होतं.

मी मूळची नागपूरची. नवऱ्याला बंगळूरात नोकरी मिळाली म्हणून महादेवपुऱ्यात राहायला आले आणि घराजवळची म्हणून ही शाळा धरली. एका बाजूला आयटी पार्कची काचेची इमारत, दुसऱ्या बाजूला उंच सोसायट्या, मध्ये आमची प्राथमिक शाळा. वर्गात पुण्याहून, हैदराबादहून, पाटण्याहून आलेल्या इंजिनिअरांची मुलं आणि त्याच इंजिनिअरांना रोज ऑफिसात सोडणाऱ्या ड्रायव्हरांची मुलं एका बाकावर बसत. सगळी मला ‘मिस’ म्हणत, इथली रीतच ती. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता.

शुक्रवारचा शेवटचा तास मूल्यशिक्षणाचा असे. पुस्तकात सत्य, शिस्त, कृतज्ञता असे धडे होते आणि प्रत्येक धड्याखाली रिकाम्या जागा भरायच्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी ते पुस्तक कपाटात ठेवलं, बाकं भिंतीला लावली आणि मुलांना जमिनीवर गोल बसवलं. म्हटलं, शाळेबद्दल ज्याला जे बोलायचंय ते बोला. कुठल्याही भाषेत बोला, ज्याला ती येते तो इतरांना सांगेल. आणि जे बोललं जाईल ते मला आवडलं नाही म्हणून मी सोडून देणार नाही. शेवटचं वाक्य मी ओघात बोलून गेले होते. मुलांनी ते पक्कं धरून ठेवलं.

सुरुवातीला मजेचं चाललं. कोणाला रोज फुटबॉल हवा होता, कोणाला गृहपाठ नको होता. एकाला शाळेत कुत्रा पाळायचा होता आणि त्याला कुठे झोपवायचं यावर अख्खा तास गेला. मी समाधानाने ऐकत होते. आपल्या वर्गात मुलं मोकळी बोलतात, या विचाराने घरी जाताना ट्रॅफिकचाही त्रास वाटत नसे.

वर्गात एक मुलगी होती. स्टाफरूममध्ये तिला ‘लॉयर’ म्हणत. तिचे वडील व्हाइटफील्डच्या रस्त्यावर ऑफिसची कॅब चालवत, आई शेजारच्या सोसायटीत दोन घरी स्वयंपाक करी. माणसं निपाणीकडची, त्यामुळे घरी निम्मं मराठी, निम्मं कानडी. ही मुलगी कशावरही ‘का’ विचारायची. समास डावीकडेच का? वाढदिवसाला रंगीत कपडे चालतात, मग ज्याचा वाढदिवस रविवारी येतो त्याने काय करायचं? आपला गणिताचा तास संपत आलेला असतो, फळ्यावर अर्धं उदाहरण असतं, आणि तिचा हात वर. ती माझी लाडकी होती असं मी आज म्हणाले तर ते खरं नाही.

एका शुक्रवारी तिने हात वर केला नाही. सरळ माझ्याकडे बघून तिच्या सीमेवरच्या मराठीत म्हणाली, “मिस, तुम्ही नुसतं ऐकून घ्यालासा. करत काहीच नाही.”

नियम मीच केला होता, तेव्हा मीच ते वाक्य इंग्रजीत करून वर्गाला सांगितलं. दोघं-तिघं हसले. पण ‘असं नाही’ असं एकानेही म्हटलं नाही. मी जरा चिडूनच विचारलं, मग काय करायला हवं होतं? ती म्हणाली, बाथरूमच्या दारांना आतून कडी पाहिजे.

मग एक मुलगी बोलली, मग तिच्या शेजारची, आणि मग सगळ्याच. पहिल्या मजल्यावरच्या मुलींच्या बाथरूममध्ये एकाही दाराला कडी नाही. आत बसलं की कोणीही दार ढकलतं. मोठ्या मुली मुद्दाम ढकलतात आणि हसतात. म्हणून एक हात दारावर ठेवून बसावं लागतं, आणि लहान चणीच्या मुलींचा हात तिथवर पोचतच नाही. त्यापेक्षा जायचंच नाही. आणि जायला लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही. मुलगेही म्हणाले, आमच्याकडेही नाहीत. पोट बिघडलं तर आम्ही घरी जाईपर्यंत थांबतो.

पालकसभेत आया मला नेहमी सांगत, की बाटली भरलेलीच परत येते, जरा लक्ष द्या हो. त्यावर उपाय म्हणून कोणी झाकणात स्ट्रॉ असलेली बाटली आणली होती, कोणी पाण्यात लिंबू घालून देत होतं. कारण इतकं सरळ होतं आणि ते या गोलातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

शाळा सुटल्यावर मी जाऊन पाहिलं. दारांवर स्क्रूची भोकं तेवढी होती, रंगाखाली बुजत आलेली. बाथरूमपाशी बसणाऱ्या मावशींना इथे सगळे अक्का म्हणतात. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की आधी कड्या होत्या. मग पहिलीतली एक मुलगी आत अडकली. कडी लावली, पण काढता येईना. ती किंचाळत राहिली आणि बाहेर आमच्या कोऑर्डिनेटर मॅडम दाराला कान लावून तिच्याशी बोलत बसल्या होत्या. सुतार येऊन दार फोडेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्या कड्या काढायला लावल्या.

या कोऑर्डिनेटर बाई वाईट नव्हत्या. सगळ्यात आधी येत, सगळ्यात शेवटी जात. मी तापाने पडले होते तेव्हा त्यांनी घरी सारू-भात पाठवला होता. मी त्यांच्याकडे गेले आणि मुलांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पाहू या. सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मी मुख्याध्यापिकांनाही भेटले. त्या मल्लेश्वरमच्या, जुन्या वळणाच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. त्याही म्हणाल्या, पाहू या.

पुढच्या शुक्रवारी मुलांनी विचारलं. मी म्हटलं, सांगितलंय, पाहतो म्हणाल्यात. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच म्हटलं. मग ख्रिसमसची सुट्टी आली आणि गेली. जानेवारीतल्या पहिल्याच गोलात त्या मुलीने मला गाठलं. “तुम्ही सांगितलासा खरं, त्यांनी ऐकलं ते तुमचं. आमचं कुठं ऐकलं? आम्हीच जातो.”

यात चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं. मी कोऑर्डिनेटर बाईंना विचारलं, मुलांना मुख्याध्यापिकांना भेटायचंय, कधी पाठवू? त्यांनी पेन खाली ठेवलं. चौथीतली मुलं ऑफिसात जाऊन संडासाबद्दल बोलणार का, असं त्यांनी विचारलं. बाहेर प्रवेशासाठी आलेले पालक बसलेले असतात. सूचना असेल तर सूचनापेटी आहे. मी म्हटलं, पेटीची किल्ली कोणाकडे आहे? ती बहुधा आधीच्या अकाउंटंटकडे होती, असं निघालं. मग त्या जरा नमल्या आणि म्हणाल्या, ठीक आहे, कौन्सिलमधली दोन मुलं पाठव. इंग्रजी चांगलं असलेली. काय बोलायचं ते तू लिहून दे आणि पाठ करून घे.

मी नाही म्हटलं. कोणी बोलायचं ते मुलं ठरवतील, काय बोलायचं आणि कुठल्या भाषेत तेही तीच ठरवतील. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, की त्या ड्रायव्हरच्या मुलीला तू फार चढवून ठेवलंयस. राखीव जागेवर प्रवेश मिळालाय, त्याची जाण नको का ठेवायला?

तोपर्यंत मी या प्रकरणाकडे वर्गातला एक उपक्रम म्हणून पाहत होते. त्या वाक्यानंतर पाहू शकले नाही. नऊ-दहा वर्षांच्या पोरीने लघवीला जाण्याबद्दल कोणाची जाण ठेवायची होती? मी म्हटलं, मॅडम, तिला मी चढवलेलं नाही आणि खाली उतरवणारही नाही. आणि उठून आले. जिना उतरताना आत कुठेतरी बरं वाटत होतं.

मुलांना मी एकच गोष्ट सांगितली : कड्या का काढल्या ते. ती अडकलेली मुलगी, तिचं किंचाळणं, दाराबाहेर बसलेल्या मॅडम. मला वाटलं होतं, ती म्हणतील हे जुनं झालं. पण सगळी गंभीर झाली. एका मुलाने विचारलं, मग आपण कड्या मागितल्या आणि पुन्हा कोणी अडकलं तर? मग ‘लॉयर’ म्हणाली, तिला विचारू या ना, कडी का निघाली नाही ते.

ती मुलगी आता तिसरीत होती, आमच्या शेजारच्याच वर्गात. मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातल्या तीन मुली तिच्याजवळ जाऊन बसल्या, तिला डब्यातला पराठा दिला आणि विचारलं. तिने लगेच सांगितलं. कडी उंच होती. तिचा हात पुरत नव्हता म्हणून ती बादली पालथी घालून तिच्यावर चढली आणि कडी लावली. उतरताना बादली घसरून चेपली. मग कडीपर्यंत हात जाईना. तिला दार उघडता येत होतं, फक्त पोचता येत नव्हतं.

मुलींनी मला हे सांगितलं तेव्हा मीही तिच्याकडे गेले आणि विचारलं, तू हे कोणाला सांगितलं नाहीस? ती म्हणाली, कोणी विचारलं नाही. सगळे पाणी पी, रडू नको, एवढंच म्हणत होते.

दार फोडलं, सुतार बोलावला, मीटिंग झाली, कड्या काढल्या, भोकं रंगवली, आणि एवढ्या सगळ्या मोठ्या माणसांत त्या मुलीला ‘नक्की काय झालं’ हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. मला हे ऐकून जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

त्यानंतर माझा वर्ग कामाला लागला आणि मी बाजूला झाले. मुलं पहिलीच्या वर्गात गेली, तिथल्या सगळ्यात बुटक्या मुलाला दाराजवळ उभं केलं, त्याचा हात सहज जिथे पोचतो तिथे खडूने रेघ मारली. तिथे कडी लावली तर मोठ्यांना जरा वाकावं लागेल, एवढंच. एकीने घराच्या खिडकीची ढिली कडी बाबांकडून काढून आणली आणि ती कोणाकोणाला सरकवता येते ते सगळ्या पहिलीकडून करून पाहिलं. जड कडी चालणार नाही, असं ठरलं. बोलायला कोणी जायचं यावर भांडणं झाली, मतदान झालं आणि तिघं निवडली गेली : ‘लॉयर’, नागपूरकडचाच एक कमी बोलणारा मुलगा, आणि एक मुलगी, जी म्हणाली मला बोलायचं नाही, पण मी रेघ दाखवीन.

मी थेट मुख्याध्यापिकांकडेच वेळ मागितली आणि भेट एकदाची ठरली. मला बरोबर यायला सांगितलं होतं, म्हणून मी दाराजवळ उभी राहिले. मुख्याध्यापिका आपल्या खुर्चीत, शेजारी कोऑर्डिनेटर बाई. नागपूरच्या मुलाने पहिलं वाक्य इंग्रजीत म्हटलं आणि पुढचं विसरला. मग ‘लॉयर’ने कानडीत सुरुवात केली. शाळेत इंग्रजीशिवाय बोलायची परवानगी नाही, पण मुख्याध्यापिकांनी तिला थांबवलं नाही. कडी उंच होती, बादली घसरली, रेघ कुठे मारली आहे, सगळं तिने क्रमाने सांगितलं. बादलीचं ऐकताना कोऑर्डिनेटर बाई टेबलाकडे बघत होत्या.

मुख्याध्यापिकांनी विचारलं, हे सगळं तुला कोणी सांगायला लावलं?

ती म्हणाली, “कोणी नाही, मॅडम. मला रोज लागते.”

कानडीतलं ते साधं वाक्य मलाही कळलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, सरी, म्हणजे बरं, विचार करू. मुलीने विचारलं, कधीपर्यंत? त्या म्हणाल्या, कळेल. मुलांनी नमस्कार केला आणि ती बाहेर आली. जिन्यात त्या न बोलणाऱ्या मुलीने मला विचारलं, ‘कळेल’ म्हणजे हो की नाही?

पुढचे काही आठवडे काहीच कळलं नाही. स्नेहसंमेलन जवळ आलं होतं, सगळी शाळा नाचाच्या तालमीत होती. मग एका सोमवारी, माझ्या तासाला एक मुलगी उठली, मिस, बाथरूम. मी मान हलवली. तिच्याबरोबर आणखी दोघी उठल्या. मी म्हटलं, तुम्ही कुठे? त्या म्हणाल्या, आम्ही दार धरायला. कडी नाही ना.

त्यांनी आपापसांत ठरवलं होतं, मला न विचारता. प्रत्येकीबरोबर दोघी जायच्या, एक दार धरणार आणि एक मोठ्या मुलींना थांबवणार. मुलग्यांनीही तेच सुरू केलं. दोन-तीन दिवसांत शेजारच्या तिसरीने उचललं, मग पाचवीच्या एका तुकडीने. दिवसभर बारकी पोरं तिघातिघांच्या टोळीने बोळातून जात-येत होती. कोणी पळत नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं. शाळेचा एकही नियम मोडलेला नव्हता, कारण बाथरूमला सोबत न्यायची नाही, असा नियम कोणी केलेलाच नव्हता. पाण्याच्या बाटल्या मात्र रिकाम्या व्हायला लागल्या.

पालकांच्या ग्रुपवर गडबड सुरू झाली. एका वडिलांनी लिहिलं, की आम्ही फी भरतो ती मुलांनी संडासाचं दार धरायला का? दुसऱ्या एका आईने विचारलं, ही मिस मुलांना आंदोलन शिकवते आहे का? मग आणखी एका आईचा मेसेज आला. तिच्या मुलीला वर्षभर लघवीचा संसर्ग होत होता, औषधं चालू होती, डॉक्टर पाणी प्यायला सांगत होते आणि पोरगी पीत नव्हती. का पीत नव्हती ते आज कळलं, असं तिने लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. दोघीही होत्या. बोलणं बहुतेक कोऑर्डिनेटर बाईंनीच केलं. तास बुडताहेत, इतर शिक्षक तक्रार करताहेत, ट्रस्टींपर्यंत गोष्ट गेली आहे. मुलं तुझं ऐकतात. उद्या वर्गात सांग, की एका वेळी एकानेच जायचं. मी म्हटलं, हे मी सांगणार नाही. त्यांना वाटलं मला नीट कळलं नाही. म्हणून पुन्हा समजावलं, की कड्यांचा विचार चालू आहे, पण हे दबावाखाली झालं असं दिसायला नको. आधी मुलांनी थांबायला हवं.

मी म्हटलं, “मुलांनी विचारलं, थांबली, पुन्हा विचारलं, उपाय शोधून आणला, पुन्हा थांबली. आता त्यांना थांबा म्हणायचं असेल तर तुम्ही वर्गात या आणि त्यांच्या तोंडावर म्हणा. मी तुमच्यासाठी म्हणणार नाही.”

मुख्याध्यापिका म्हणाल्या, मार्चमध्ये तुमचा करार संपतो, याची तुम्हाला कल्पना आहे ना? मी म्हटलं, आहे. घरी हप्ते होते, मुलीची शाळा होती, नवऱ्याच्या कंपनीत कपातीच्या गोष्टी चालू होत्या. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, एका कडीसाठी? मी म्हटलं, हो, एका कडीसाठी. तो चहा टाकायला उठला. त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या शुक्रवारी आम्ही गोल करून बसलो होतो आणि दार वाजलं. मुख्याध्यापिका एकट्याच आल्या होत्या. मुलं उठायला लागली तशी त्यांनी हाताने बसा म्हटलं. मी खुर्ची पुढे केली, पण त्या साडी सावरत मुलांमध्ये खाली बसल्या. त्यांनी कानडीत विचारलं, इथे कुठल्याही भाषेत चालतं ना? मुलं चालतं म्हणाली. मग त्या म्हणाल्या, सुतार येणार आहे. त्याला रेघ कोण दाखवणार?

न बोलणाऱ्या मुलीने हात वर केला.

कड्या बसल्या. हलक्या, पितळी रंगाच्या, पहिलीतल्या मुलाच्या खांद्याच्या उंचीवर. सुताराने त्या आधी सवयीने वर लावायला घेतल्या होत्या, तेव्हा त्या मुलीने त्याचा हात धरून खाली आणला. दारांखाली वीतभर जागा मोकळी ठेवली, म्हणजे वेळ पडली तर अक्कांना बाहेरून हात घालता येईल. ही सूचना कोऑर्डिनेटर बाईंची होती. सुतार काम करत होता तेव्हा त्या स्वतः तिथे उभ्या होत्या आणि प्रत्येक कडी दहा वेळा सरकवून बघत होत्या.

दार धरायला जाणं त्याच दिवशी बंद झालं. कोणाला सांगावं लागलं नाही.

माझा करार वाढला. पण जूनमध्ये वेळापत्रक लागलं तेव्हा मूल्यशिक्षणाचा तास सगळ्या वर्गांतून गेला होता, त्या जागी कोडिंग आलं होतं. मला चौथीऐवजी तिसरी दिली होती. स्टाफरूममध्ये एक-दोघींनी माझ्याशी बोलणं कमी केलं. कौन्सिलचे पट्टे नेहमीप्रमाणे वाटले गेले आणि ‘लॉयर’चं नाव त्यात नव्हतं. तिने पाचवीच्या मिसना विचारलं म्हणे, की ही मुलं निवडली कोणी, आणि आमचं मत कोणी घेतलं का? पाचवीच्या मिस मला बोळात अडवून म्हणाल्या, ही तुझी देणगी आहे. मी थँक्यू म्हटलं. त्यांना ते आवडलं नसावं.

तास काढून घेतला म्हणजे मुलांना बोलायचं राहत नाही, अशी कोणाची समजूत असेल तर असू दे. मी गोल मधल्या सुट्टीत हलवला. बुधवारी आम्ही डबे घेऊन जमिनीवर बसतो, खाता खाता बोलतो. त्यासाठी परवानगी मागितली नाही, कारण डबा खायला परवानगी लागत नाही.

तिसरीची मुलं चौथीपेक्षा बिनधास्त निघाली. तिसऱ्या की चौथ्या बुधवारी एका चष्मेवाल्या मुलाने तोंडातला घास संपवला आणि म्हणाला, मिस, तुम्ही गणिताच्या तासाला फार ओरडता. पोटात दुखतं. लगेच चार-पाच माना हलल्या. एकीने तर मी कशी ओरडते ते करून दाखवलं, भुवया वर करून, फळ्यावर डस्टर आपटून. ते हुबेहूब होतं.

माझ्या डोक्यात भराभर उत्तरं आली. तुम्ही लक्ष देत नाही म्हणून ओरडते. चाळीस मुलांना सांभाळून दाखवा. हा विषय शाळेबद्दलचा नाही. समोर ती मुलं डब्यात हात तसेच ठेवून माझ्याकडे बघत होती, आता ही काय करणार म्हणून. मी विचारलं, ओरडायच्या ऐवजी काय करू? त्यावर ती सगळी एकदम बोलायला लागली आणि मला एकेकाला थांबवून ऐकावं लागलं.

तेवढ्यात कोऑर्डिनेटर बाई फेरी मारत दारात येऊन उभ्या राहिल्या. गोल पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. आता ही कसली मीटिंग चालली आहे, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “माझ्याविरुद्ध तक्रार चालली आहे, मॅडम. या, बसा. स्वल्प जागा करा रे मॅडमना.”